चोवीस दिवसांचा डबा

१

पिशवी खिळ्यावरून निसटली, फरशीवर आपटली आणि तिच्यातली कागदाची पुडी फुटून पांढरी पावडर सूनबाईच्या पायांवर सांडली. पिशवी मावशींची होती. पावडर कसली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गेला सव्वा महिना तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मावशी नात्यातल्या नव्हेत. अण्णांचं, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांचं, पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून वर्षभर त्या रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अण्णांपाशी असायच्या. त्यांना उठवायचं, बसवायचं, औषधं द्यायची आणि दोन वेळा कोमट पाण्यातून ताकदीची पावडर द्यायची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, दिवसाला तीस ग्रॅम, खंड पडू द्यायचा नाही. ती चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती आणि तिच्याच खालच्या फळीवर तो डबा असायचा.

डबा नऊशे ग्रॅमचा. किंमत अशी की घेताना दोनदा विचार करावा. आणि भाव वाढल्याची बातमी सूनबाईला सगळ्यांच्या आधी कळायची, कारण ती मोठ्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायची आणि दर सोमवारी नव्या किमतींच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम तिच्याकडेच होतं. तेल, साखर, साबण, डाळ, एकेक चिठ्ठी चिकटवताना तिला स्वतःच्या हातानं स्वतःच्याच घरावर दरोडा घालतोय असं वाटायचं.

म्हणून घरात सगळं मोजून. दुसरा चहा बंद, वर्तमानपत्र बंद, फळं फक्त अण्णांना. तेलाच्या बाटलीवर रेघ मारलेली. धुण्याची पावडरसुद्धा मोजून. तिच्या डब्यात एक जुना पांढरा चमचा टाकून ठेवला होता, आणि ती पावडर मात्र कॅलेंडर बघून चालल्यासारखी बरोबर तारखेला संपायची. अण्णांच्या पावडरीचे तर एका वेळेला तीन चमचे, सुरीच्या पाठीनं सपाट केलेले. डब्यावरच तसं छापलेलं होतं. घरातल्या प्रत्येकाला तिनं ते घोटून घोटून शिकवलं होतं. इतकं करूनही तीस दिवसांचा डबा वेळेआधी संपत होता.

मावशी अण्णांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि जमिनीवरची पुडी बघून जागच्या जागी थांबल्या.

"कधीपासून चाललंय हे?" सूनबाईनं विचारलं.

"ते तुमच्या घरातलं नाही, वहिनी."

"मग कुणाच्या घरातलं?"

"सांगितलं तरी पटायचं नाही," मावशी म्हणाल्या.

सूनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्या हातात म्हातारं माणूस निर्धास्त सोपवलं, तिनं त्याच माणसाच्या तोंडचा घास पळवावा! उद्यापासून येऊ नका, एवढंच तिला बोलता आलं. मावशींनी पुडी गोळा केली नाही. रिकामी पिशवी उचलली आणि दारातून वळून सांगितलं की अण्णांची आठ वाजताची गोळी पांढऱ्या डबीत आहे, विसरू नका. मग त्या जिना उतरून गेल्या.

२

नवरा घरी आला तेव्हा सूनबाईनं पुडी एका वाटीत भरून टेबलावर मांडून ठेवली होती, कोर्टात पुरावा ठेवतात तशी. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. बोलायला मुळातच कमी. त्यानं वाटीकडे बघितलं, बूट काढले आणि एवढंच म्हणाला की मावशी तसं करतील असं वाटत नाही. सूनबाईनं विचारलं, मग कोण करेल, तुम्ही की मी? त्यावर तो हात धुवायला निघून गेला.

चौदा वर्षांची लेक, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती दाराआड उभी राहून रडत होती. मावशी तिच्या केसांची वेणी घालून द्यायच्या. रडता रडता तिनं कबूल केलं की परीक्षेच्या दिवसांत आपण एकदा त्या डब्यातला एक चमचा नुसताच खाल्ला होता. गोड लागतो म्हणून. एकदाच, अगदी शपथेवर.

"एका चमच्यानं दहा दिवस कमी होत नाहीत," सूनबाई म्हणाली. कारण हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. डब्याचं रूप बदललं, झाकणाच्या आत चमचा अडकवायची छान सोय झाली, त्यानंतरचा पहिला डबा विसाव्या दिवशी संपला. तेव्हा तिनं घरात मोठ्यानं बोलून दाखवलं होतं, सगळ्यांसमोर, मावशीही तिथंच होत्या: चार-पाच माणसांच्या घरात डबा असा कसा उडून जातो? त्यानंतरचा डबा चोविसाव्या दिवशी संपला. बोलणं लागू पडलं, चोर घाबरला, हात आखडता घेतला, असं तिनं मनाशी ताडलं होतं. सध्याचा डबा तिसरा. तो उघडून बारा दिवस झाले होते.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. मावशी इथं येण्याआधी पहाटेच्या दोन तासांसाठी आणखी एका घरी जायच्या, तिथल्या आजींचं करायला. दीड महिन्यापूर्वी ते काम सुटलं. का सुटलं ते मावशींनी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की विषय बदलायच्या.

सूनबाईनं त्या घरी फोन लावला. तिथल्या बाई शाळेत शिकवायच्या, आवाज करडा होता.

"तुमच्याकडेही का?" त्या म्हणाल्या. "अहो, आमच्या सासूबाईंनाही तीच पावडर. तीस दिवसांचा डबा विसाव्या दिवशी खडखडीत. मी तर तडकाफडकी काढलं त्यांना."

सूनबाईनं फोन ठेवला. एका घरात झालं तर चूक म्हणता येईल. दोन घरांत तोच डबा, तेच वीस दिवस, म्हणजे हा धंदाच झाला. उद्या शेजारीपाजारी सगळीकडे सांगायला हवं, असं तिनं ठरवलं. मावशींना मग कुणी दारात उभं केलं नसतं.

नवरा हळूच मागे येऊन उभा राहिला होता. "सांगण्याआधी मामांना बोलव," तो म्हणाला. "एक दिवस थांब फक्त."

३

काटेमामा सूनबाईचे सख्खे मामा. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले. कुठल्या दुकानदाराच्या काट्यात किती खोट आहे ते त्यांना दुकानाची पाटी बघूनच कळायचं, असं लोक म्हणायचे. आता काम बंद केलं होतं, पण सोनारांकडे असतो तसा एक छोटा काटा त्यांच्या पिशवीत कायम असायचा. दुसऱ्या दिवशी सूनबाईची सुट्टी होती. मामा सकाळी आठलाच हजर झाले, अण्णांना पहिला पेला द्यायच्या आधी.

सगळं ऐकून घेतलं. चहा नको म्हणाले. आणि मग घरातल्या एकेकाला स्वयंपाकघरात बोलावून एकच प्रश्न विचारायला लागले: पावडर कशी घेता ते करून दाखवा.

सूनबाईनं करून दाखवलं. झाकणातला निळा चमचा काढला, भरला, सुरीच्या पाठीनं वरचं निपटून काढलं. चिमणीनं दाखवलं, तसंच. नवऱ्यानं दाखवलं, त्याचे हात मोठे म्हणून जरा सांडलं, पण पद्धत तीच. मामा प्रत्येक वेळी मान डोलवत होते आणि चमच्यातलं पुन्हा डब्यात ओतत होते.

"शिस्तीचं घर आहे," ते म्हणाले. सूनबाईला वाटलं कौतुक करताहेत.

मग त्यांनी नवऱ्याला विचारलं की तू इतका बारीक का झालास. नवरा आधी उडवाउडवी करत राहिला, मग म्हणाला की सव्वा महिना झाला, बसचे पैसे वाचवायला चालत जातो. डबा दोनदा वेळेआधी घ्यावा लागला ना. सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. एका छपराखाली राहून तिला पत्ता नव्हता.

शेवटी मामा अण्णांच्या खाटेपाशी जाऊन बसले. अण्णांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता, पडून राहणं त्यांना जमत नव्हतं. पावडर कशी लागते, असं मामांनी विचारलं. अण्णा म्हणाले, हल्ली पोट जड असतं. दोन पेले घेतले की जेवण जातच नाही. अर्धं ताट परत जातं, सूनबाईला वाटतं मी रुसलोय. शिवाय हल्ली पेल्यात गाठी असतात. आधी नसायच्या. मावशी बिचारी ढवळून ढवळून थकते.

"मावशी," मामा म्हणाले. "त्या डब्यापाशी वेळेशिवाय कधी दिसल्या?"

सूनबाई दारात उभी होती. तिच्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "दुपारी. मी झोपलोय असं समजून. डबा उघडायची आणि पिशवीत हात घालायची. रोज. मी कुणाला बोललो नाही, पोरीसारखी केली तिनं माझी सेवा."

सूनबाईनं मामांकडे बघितलं. आता आणखी काय पुरावा हवा होता?

"डब्यातून पिशवीत," मामांनी शांतपणे विचारलं, "की पिशवीतून डब्यात?"

"चष्मा नव्हता रे डोळ्यावर," अण्णा म्हणाले.

४

हा काय प्रश्न झाला, असं सूनबाई मामांना स्वयंपाकघरात जाऊन विचारणार होती, पण मामा तोवर टेबलावर काटा मांडून बसले होते.

आधी त्यांनी न उघडलेला डबा मागितला. तो होता. येत्या सोमवारी भाव वाढणार हे सूनबाईला ठाऊक होतं, म्हणून पुढचा डबा तिनं आधीच आणून ठेवला होता. मामांनी तो तोलला. मग मागच्या संपलेल्या डब्यात सूनबाई बटणं ठेवायची, तो रिकामा करून तोलला. वजाबाकी केली.

"बरोबर नऊशे," ते म्हणाले. "कंपनीनं वजनात एक ग्रॅमसुद्धा मारलेला नाही."

सूनबाईला मनातल्या मनात हेच हवं होतं आणि तरी वाईट वाटलं. डब्यातच कमी भरलेलं असतं तर मावशी सुटल्या असत्या. आता दुसरी वाटच राहिली नव्हती.

मामांनी दोन पेल्यांत कोमट पाणी मागितलं. एकात काल सापडलेल्या पुडीतली पावडर टाकली, दुसऱ्यात डब्यातली. ढवळली. डब्यातली पावडर पिवळसर झाली, तिला तो नेहमीचा गोड वास आला आणि ती पाण्यात विरघळून गेली. पुडीतली पांढरीच राहिली. वास नुसता दुधाचा. आणि पेल्याच्या काठाला ढीगभर गाठी.

"ही तर साधी दुधाची पावडर," चिमणी म्हणाली. "सुटी मिळते ती."

"ही पुडी या डब्यातली नाही," मामा म्हणाले. "मावशी खरं बोलल्या, ते तुमच्या घरातलं नाही."

सूनबाई खुर्चीवर बसली. तिनं पावडरीला हात लावून बघितला नव्हता, वास घेतला नव्हता. पांढरं दिसलं आणि ठरवून टाकलं.

पण मामा तिच्याकडे बघत नव्हते. ते डब्यातल्या पावडरीचा पेला उजेडात धरून बघत होते. नीट विरघळलेल्या त्या पिवळसर पाण्यात तळाशी तीन-चार पांढऱ्या गाठी फिरत होत्या.

"आता मला सांग," ते म्हणाले, "त्या पुडीतल्या गाठी ह्या डब्यात कशा आल्या?"

५

उत्तर द्यायच्या आधीच मामांनी दुसरं काम सांगितलं. घरात मोजायला म्हणून जे जे वापरता ते सगळं टेबलावर आणा. चिमणी धावली. तांदळाचं माप आलं, औषधाचं झाकण आलं, निळा चमचा होताच, आणि शेवटी धुण्याच्या पावडरीतला तो जुना पांढरा चमचा.

"हा कुठला?"

आधीच्या डब्यातला, सूनबाई म्हणाली. नवा डबा आला, त्याच्या झाकणात स्वतःचा चमचा होता, म्हणून जुना धुण्याला टाकला. फेकून कशाला द्यायचा.

मामांनी पांढरा चमचा धुतला, पुसला, पावडरीनं भरला, सुरीच्या पाठीनं सपाट केला आणि काट्यात ओतला. पाच ग्रॅम. मग निळा. तशाच पद्धतीनं, तितक्याच काळजीनं.

साडेसात.

चिमणीनं दोन्ही चमचे शेजारी शेजारी धरले. निळा जरा रुंद, जरा खोल, म्हणजे प्रत्येक बाजूनं जेमतेम गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतका मोठा. दांडा लांब, त्यामुळे उलट लहानच वाटायचा.

"तीनही बाजूंनी थोडं थोडं वाढवलं की पोटात दीडपट मावतं," मामा म्हणाले. "डब्याचं वजन तेच. छापील सूचना तीच, एका वेळी तीन चमचे. फक्त चमचा बदलला. डॉक्टरांनी तीस ग्रॅम सांगितले, तुम्ही देताय पंचेचाळीस. म्हणून अण्णांचं पोट जड. नऊशे ग्रॅम पंचेचाळिसानं संपायला किती दिवस?"

"वीस," चिमणी म्हणाली.

सूनबाईच्या कानात घुमायला लागलं. वीस. दोन्ही घरांत वीस. दीडपट. हा दीडपट शब्द तिनं कुठंतरी ऐकला होता. मागच्याच महिन्यात कंपनीचा माणूस दुकानात आला होता, खूश होऊन. नवा डबा आल्यापासून खप दीडपट झाला म्हणून गल्ल्यावरच्या सगळ्यांना त्यानं एकेक पेन वाटलं होतं. सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव असलेलं. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच पेनानं ती डब्याच्या तळाशी उघडल्याची तारीख लिहीत होती, चोर पकडायला.

गावात ना माणसं वाढली होती, ना आजारी वाढले होते. सगळ्या घरांतले डबेच लवकर संपत होते. आणि जे घर जितकं काटेकोर मोजत होतं, ते तितकं बिनचूक लुबाडलं जात होतं.

"म्हणजे चोरी झालीच नाही," ती कशीबशी म्हणाली.

"थांब. अजून संपलं नाही." मामांनी उघडा डबा काट्यावर ठेवला. "बारा दिवस, रोज पंचेचाळीस. पाचशे चाळीस गेले. आत उरायला हवेत तीनशे साठ."

रिकाम्या डब्याचं वजन वजा करून आणि आज बाहेर काढलेली पावडर मिळवून आकडा साडेचारशेवर थांबला.

"नव्वद ग्रॅम जास्त आहेत," मामा म्हणाले. "मागचा डबा आठव. वीस दिवसांत संपायला हवा होता, तो चोवीस दिवस पुरला. तू म्हणालीस चोर घाबरला. अगं, चमचा तोच, डबा तोच, मग चार दिवसांची पावडर आली कुठून? चोरानं कमी चोरली तर डबा फार तर ठरल्या दिवसापर्यंत पुरेल. त्याच्या पुढे नाही पुरत. चार दिवसांचे एकशे ऐंशी ग्रॅम होतात. ते चोवीस दिवसांना वाटून बघ. बारा दिवसांचे हे नव्वदही वाटून बघ."

चिमणीनं बोटांवर हिशेब केला. दोन्हीकडे उत्तर तेच आलं.

"रोज साडेसात," ती म्हणाली. "रोज एक निळा चमचा."

"तुझ्या डब्यातून कुणी काही नेत नव्हतं, पोरी," मामा सूनबाईला म्हणाले. "कुणीतरी आणून टाकत होतं."

६

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लागायला वीस मिनिटं गेली. पलीकडच्या मुलीनं लिहून दिलेलं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं की नवा चमचा ग्राहकांच्या सोयीसाठी आणि भरघोस पोषणासाठी आहे. एका चमच्यात किती ग्रॅम ते डब्याच्या तळाशी छापलेलं आहे, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. खरंच छापलेलं होतं. सूनबाईनं तारीख लिहिली होती तिच्याच खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. फोन ठेवण्यापूर्वी त्या मुलीनं अगदी आपुलकीनं विचारलं, पत्ता द्या, आणखी एक चमचा मोफत पाठवू का?

सूनबाईनं पांढरा चमचा, निळा चमचा आणि पुडीत बांधलेली डब्यातली थोडी पावडर पर्समध्ये टाकली, मामांकडून काटा मागून घेतला आणि ती मावशींच्या घरी गेली.

शिंप्याच्या दुकानाच्या मागे वरच्या मजल्यावर एक खोली. मावशी खिडकीत बसून जुन्या चादरीला ठिगळ लावत होत्या. उठल्या नाहीत, पण बसा म्हणाल्या. सूनबाईनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चमचे मांडून. चुकले मावशी, एवढंच तिला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

मावशींनी निळा चमचा हातात घेऊन फिरवून बघितला. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्या थक्क झाल्या होत्या.

"त्या पहाटेच्या घरी डबा संपला आणि मला काढलं," त्या म्हणाल्या. "मी काही नेलं नव्हतं. रात्र रात्र विचार केला, कुठं सांडलं, कुठं चुकलं. मग तुमच्याकडेही तसंच झालं, आणि तुम्ही बोललात. मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी दोष आहे. म्हणून सुटी पावडर आणून रोज एक चमचा भर घालत होते. दवाखान्यात कंपाउंडरला विचारून घेतलं होतं, अण्णांना चालेल का ते."

"पण मला सांगायचं तरी."

"काय सांगणार? तुमचा डबा मी भरते म्हणून? कोण भरतं असं?"

सूनबाईला दिसत होतं ते एवढंच, की भाव वाढले तेव्हा तिनं चहा सोडला, नवऱ्यानं बस सोडली, आणि घरातलं सगळ्यात कमी मिळवणारं माणूस गुपचूप घर चालवायला हातभार लावत होतं. आणि त्याच माणसाची पुडी तिनं पुरावा म्हणून टेबलावर मांडली होती.

"पिशवी पडली, पुडी दिसली, कुणालाही वाटेल," मावशी म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. पण वर्षभराची ओळख, वहिनी. तुम्ही विचारलंत काय, तर कधीपासून चाललंय."

सूनबाईनं मान खाली घातली. उद्यापासून याल का, हे विचारायचीही तिची हिंमत होईना. मावशींनीच सुईतला दोरा तोडला.

"येईन. अण्णांसाठी येईन. पण आधी त्या शाळेच्या बाईंकडे चला. माझ्यासमोर सांगा त्यांना."

७

शाळेच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. मावशींना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मावशी पायरीवरच थांबल्या, आत यायला तयार नव्हत्या. सूनबाई आत गेली आणि एकही शब्द न बोलता तिनं जेवणाच्या टेबलावर काटा मांडला.

बाई गणित शिकवायच्या. पहिला चमचा तोलला तेव्हा त्या कंटाळल्यासारख्या उभ्या होत्या. दुसरा तोलला तेव्हा पुढे आल्या. मग त्यांनी स्वतःच्या घरातला डबा आणला, स्वतःचा निळा चमचा काढला, स्वतःच्या हातानं भरला, सपाट केला आणि काट्यात ओतला. साडेसात. पुन्हा एकदा करून बघितलं. डबा उलटा करून तळाचं बारीक छापलेलं वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. नऊशे भागिले पंचेचाळीस त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आतल्या खोलीत आजी खोकल्या. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या खुर्चीचा आधार घेऊन उभ्या होत्या.

सूनबाईला वाटलं, आता त्या मावशींची माफी मागतील. त्या दारापर्यंत गेल्यादेखील. पण त्यांच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तुमच्यानंतर मी दोघींना काढलंय," त्या मावशींना म्हणाल्या. "एक विसाव्या दिवशी. एक मागच्याच आठवड्यात. दुसरीला तर... तिचं लहान मूल होतं बरोबर. मी तिला जिन्यात सगळ्यांसमोर बोलले."

खालच्या मजल्यावर कुणीतरी किराण्याच्या पिशव्या घेऊन चढत होतं. पिशवीतून एका डब्याचं निळं झाकण डोकावत होतं.

मावशी एक पायरी वर आल्या.

"त्यांची घरं ठाऊक आहेत तुम्हाला?"

बाईंनी मान डोलवली. हो.

"मग पत्ते लिहून द्या," मावशी म्हणाल्या. "आजच जाऊ. तुम्हीही चला."

बाई कागद शोधायला वळल्या. कागद मिळाला, पण त्यांना पेन सापडेना. सूनबाईनं पर्समधून स्वतःचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. त्याच्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं.